गाय घोड्यासारखी पुढून उठायला लागली तर

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत, ते आधी सुटे करून घेतो. एक, बाजारातून आणलेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, दुधाळ विलायती जात) संकरित गाय नव्या गोठ्यात आल्यापासून मागे कुल्ल्यांवर बसकण मारते आणि पुढचे पाय आधी ताठ करून उठते. हा आजार आहे का? दोन, मुळात गाय मागून आणि घोडा पुढून उठतो, असं का? तीन, घरचा खिलार खोंड रस्त्यावर झाडाची सावली किंवा मोरीवरचे पांढरे पट्टे दिसले की थबकतो. वडील म्हणतात ही त्याची खोड आहे, चार रट्टे दिले की जाईल.

रट्टे देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

गुरांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. खोड म्हणून लोक माझ्याकडे जे घेऊन येतात, त्यातलं बरंचसं हाडा-सांध्यांचं नाहीतर डोळ्या-कानांच्या ठेवणीचं निघतं. स्वभावावर नंतर यावं. आधी जनावराचा सांगाडा बघावा आणि तो आपण कुठे, कसा बांधून ठेवलाय ते बघावं. तुमच्या गाईचं आणि खोंडाचं दुखणं वरवर वेगळं दिसतं, पण दोन्हीकडे मला एकच अडचण दिसते: डोकं हलवायला मोकळीक नाही.

निरोगी गाय उठते कशी, ते मोकळ्या रानात बसलेल्या एखाद्या गाईजवळ थांबून बघा. बाजूने बघा, समोरून नको. आधी ती पुढचे पाय अंगाखाली ओढून घेते आणि पुढच्या गुडघ्यांवर येते. मग मान लांब करून डोकं पुढे आणि खाली झोकते. त्या हिसक्यासरशी मागचा भाग वर येतो. क्षणभर ती तशीच राहते, मागचे पाय सरळ आणि पुढचे गुडघे जमिनीला. मग डोकं वर घेत एक पुढचा पाय टाकते, पाठोपाठ दुसरा. म्हैस, शेळी, मेंढी, हरीण, सगळी रवंथ करणारी जनावरं याच क्रमाने उठतात.

यात सगळं अवलंबून आहे ते डोकं झोकण्यावर. पाचशे किलोच्या गाईला दुमडलेल्या मागच्या पायांवर, नुसत्या मांड्यांच्या ताकदीने ढुंगण उचलणं अवघड जातं. डोकं आणि मान पुढे गेली की शरीराचा भार गुडघ्यांवर सरकतो, मागचा भाग हलका होतो आणि पाय सरळ करणं सोपं होतं. गुडघे हा टेकू. अलीकडे मान, पलीकडे पोट आणि ढुंगण. साधी तरफ आहे ही. एवढं जड डोकं रोज इतक्या वेळा खालीवर करूनही मान दमत नाही, कारण मानेच्या वरच्या बाजूने, डोक्याच्या मागून थेट पाठीपर्यंत एक जाड, पिवळा, लवचिक पट्टा गेलेला असतो. डोकं खाली गेलं की तो ताणला जातो आणि वर घेताना स्नायूंचं अर्धं काम तोच करून टाकतो.

माणसाचंही याहून वेगळं नाही. खुर्चीत पाठ टेकून ताठ बसा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या कपाळावर नुसतं एक बोट दाबून धरायला सांगा. आता उठून दाखवा. धडधाकट माणसालाही उठवत नाही. कारण बसलेल्या माणसाचा भार कुल्ल्यांवर असतो, तो पावलांवर आल्याशिवाय पाय सरळ होत नाहीत, आणि तो आणायला डोकं-छाती पुढे न्यावीच लागते. तुमच्या गाईच्या कपाळावर असंच बोट कुणीतरी धरून ठेवलंय. तुम्ही लिहिलंय की गव्हाणीची भिंत तिच्या छातीपर्यंत आहे, वरून आडवा पाइप आहे आणि शेजारणीला मारते म्हणून दावं आखूड केलंय. म्हणजे एक सोडून तीन बोटं झाली.

मोठ्या गाईला डोकं झोकायला तोंडापुढे अडीच-तीन फूट मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर सुरुवातीला ती मान वाकडी करून, बाजूला झोकून उठते. दोन-तीनदा नाक पाइपवर आपटलं की तेही सोडून देते आणि पुढचे पाय आधी ताठ करते. आता भार मागे पडतो, म्हणून मध्येच ती कुत्रं बसतं तशी बसून राहते आणि मग कशीबशी धडपडत मागचा भाग उचलते. रोज दहा-बारा वेळा अशी धडपड करायची तर गाय उठायलाच कंटाळते, पाण्यावर कमी जाते, किंवा मग एकदा उठली की बसायचं टाळते. गाय दिवसातले दहा ते चौदा तास बसून काढते आणि बसल्यावरच निवांत रवंथ करते. बसणं कमी झालं की दूध कमी होतं, खुरं बिघडतात.

आता त्या पुढच्या गुडघ्यांबद्दल. आपण ज्याला गाईचा पुढचा गुडघा म्हणतो ते खरं तर तिचं मनगट आहे. तिचं कोपर वर, छातीला चिकटून असतं. मनगटाच्या खालची ती लांब, सरळ नळी म्हणजे तळहाताची दोन हाडं एकत्र जुळून झालेलं एक हाड. खुरं म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची नखं. मागे लोंबणारी ती दोन छोटी खुरं म्हणजे दुसरं आणि पाचवं बोट. अंगठा नाहीच. मागच्या पायातही असंच. ज्या ठिकाणी पाय मागे वळलेला दिसतो तो गुडघा नसून टाच आहे, आणि खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीच्या घडीआड लपलेला असतो. म्हणजे आपण पूर्ण पावलावर चालतो, कुत्रं-मांजर बोटांवर चालतं आणि गाय-घोडा नखांच्या टोकावर. पाय जितका असा वर उचलला जातो तितका तो लांब होतो आणि टांग पडते मोठी. मोबदल्यात पकडणं, पिळणं, हात उलटा-सुलटा करणं, हे सगळं गेलं. गाईच्या पुढच्या पायात कोपरापासून खालची दोन हाडं एकमेकांना जखडलेली असतात, त्यामुळे खुराचा तळ ती आपल्या तोंडाकडे वळवू शकत नाही.

उठता-बसता सगळं ओझं या मनगटांवर येतं. मातीवर हे ठीक असतं. कोब्यावर, त्यातही खरखरीत कोब्यावर, कातडी सोलवटते आणि हळूहळू तिथे पाण्याने भरलेली मऊ गाठ येते. मनगट दुखायला लागलं की गाय त्यावर भार टाकून उठायचं टाळते, म्हणजे पुन्हा पुढून उठणं आलंच. तुमच्या गाईच्या पुढच्या गुडघ्यांवरून हात फिरवून बघा. गाठ असेल तर सुई घालून पाणी काढायच्या फंदात अजिबात पडू नका. घासण्यामुळे ही गाठ येते तशीच ती ब्रुसेलोसिसमध्येही (सांसर्गिक गर्भपाताच्या रोगातही) येते, आणि तो रोग माणसाला होतो. गाय बाजारातून आणलेली आहे, तेव्हा रक्त तपासून घेतलंत तर बरं.

पण माझ्या डोक्यात पहिली शंका वेगळीच आली, आणि ती तुमच्या पत्रातल्या एका शब्दामुळे: नवा गोठा. बांधकाम नुकतंच झालंय म्हणजे सळईला बांधायची तार आणि खिळे आवारात पडलेले असणार, आणि त्यातलं थोडंफार वैरणीत जाणार. गाईच्या तोंडाची रचना अशी, की तिला ते कळत नाही. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती टणक गादी असते. गाय जिभेने वैरणीला विळखा घालते, आत ओढते आणि फारसं न चावता गिळून टाकते. चावायचं काम पुढे रवंथ करताना. शेळी ओठांनी एकेक पान निवडते. घोड्याचा वरचा ओठ इतका संवेदनशील आणि हलता असतो की तो गव्हाणीतला खडा बाजूला सारून दाणे तेवढे खातो. गाईकडे ती निवड नाही. कुट्टीत इंचभर तार आली तर ती कुट्टीबरोबर गेली.

गिळलेली तार जड म्हणून जाळीपोटात (गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात) जाऊन बसते. जाळीपोट अगदी पुढे, छाती-पोटामधल्या पडद्याला टेकून असतं, आणि पडद्याच्या पलीकडे चार बोटांवर हृदय. पोट आकसलं की तार पुढे टोचते. अशी गाय छातीचा भाग जपते. कोपरं बाहेर काढून उभी राहते, पाठ कमानीसारखी करते, शेण टाकताना कण्हते, चढ चढते पण उतारावर यायला का-कू करते, कारण उतारावर सगळा कोठा पुढे सरकून पडद्यावर दाबतो. डोकं पुढे-खाली झोकून उठतानाही नेमकं तेच होतं. म्हणून पोटात तार असलेली गाय कधी कधी घोड्यासारखी पुढून उठताना दिसते, आणि आम्ही डॉक्टर लोक ते दिसलं की कान टवकारतो.

हे घरी ताडून बघायचा एक सोपा मार्ग आहे. गाईच्या खांद्यामागची, पाठीवरची कातडी दोन्ही हातांच्या मुठींत धरून जोरात दाबा. निरोगी गाय पाठ खाली घेते. छातीत दुखत असेल तर ती पाठ ताठ ठेवते आणि बारीक कण्हते. कान जवळ नेऊन ऐका, कण्हणं फार हळू असतं. याच्या जोडीला दूध एकाएकी निम्म्यावर आलं असेल, अंगात थोडा ताप असेल, रवंथ थांबली असेल, तर गोठ्याची डागडुजी नंतर, आधी डॉक्टर. लवकर कळलं तर तोंडावाटे लोहचुंबक सोडून तार जागच्या जागी धरून ठेवता येते, किंवा डाव्या कुशीतून पोट उघडून ती काढता येते. एकदा ती हृदयाच्या पिशवीत घुसली की फारसं काही हातात राहत नाही.

तुमच्या गाईचं दूध टिकून आहे, ती उतारावरून ओढ्याला बिनतक्रार जाते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी तारेचा संशय मागे ठेवतोय आणि पाइप-भिंतीला पुढे आणतोय. पण पाठ दाबून बघा.

पोटाचं निघालंच आहे तर आणखी एक. गाय नेहमी छातीवर बसते, आडवी पसरून फार वेळ पडत नाही. तिच्या डाव्या अंगाला शंभर-दीडशे लिटरचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, असतं आणि त्यात दिवसभर गॅस तयार होतो. छातीवर बसली की गॅस वर राहतो आणि ढेकर निघते. आडवी झाली की अन्ननलिकेचं तोंड पाण्याखाली जातं, ढेकर अडते, पोट फुगतं आणि जीवही जातो. व्यायल्यानंतर कॅल्शियम उतरून आडवी पडलेली गाय डॉक्टर येईपर्यंत पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसवून ठेवा, असं आम्ही फोनवरच सांगतो ते याचसाठी. घोड्याला ही भीती नाही. तो खुशाल कुशीवर पसरतो.

घोड्याचा कारभारच वेगळा. तो पुढचे दोन्ही पाय समोर पसरतो, छाती उचलतो, मान वर फेकतो आणि मग मागच्या पायांच्या जबरदस्त रेट्याने उभा राहतो. पळून जीव वाचवणाऱ्या जनावराची ताकद मागच्या पायांत साठवलेली असते. गाईच्या उलट त्याला डोकं झोकायला समोर नाही, तर वर जागा लागते. एरवी तो बसायला फारसा राजीच नसतो, कारण उभ्यानेच डुलकी काढायची सोय त्याच्या अंगातच आहे. मागच्या पायाच्या खऱ्या गुडघ्याची वाटी तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या उंचवट्यावर अडकवून ठेवतो. गुडघा कुलूपबंद झाला की टाचेचा सांधाही आपोआप बंद होतो, कारण दोन्ही सांधे एकाच दोरासारख्या शिरांनी (रक्ताच्या नव्हे, सांधे बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांनी) बांधलेले असतात. एक पाय असा लावून दुसरा सैल सोडायचा, थोड्या वेळाने बदलायचा. टांग्याच्या थांब्यावर एक मागचा पाय टोकावर टेकवून पेंगणारा घोडा पाहिला असेल, तो हेच करत असतो. गाढ, स्वप्नांच्या झोपेसाठी मात्र त्यालाही आडवं व्हावंच लागतं. त्या झोपेत स्नायू सुटतात, तिथे कुलूप पुरत नाही.

गंमत अशी की हे कुलूप घोड्याला वरदान, आणि बैलाला लागलं तर दुखणं. बैलाच्या गुडघ्याची रचना जवळपास तशीच, तीन शिरांची, पण त्याला ते कुलूप वापरायचं नसतं. काही बैलांत, म्हशींतही, वाटी आतल्या बाजूच्या शिरेसकट वर सरकते आणि अडकून बसते. मग मागचा पाय ताठ होऊन मागे राहतो, खुराचं टोक जमिनीवर ओढत येतं, आणि एक-दोन पावलांत झटक्यासरशी सुटतो. सकाळी गोठ्यातून बाहेर काढताना जास्त, चालून अंग गरम झालं की कमी. पुष्कळ लोक याला वात समजून डाग देतात. डागाने काही होत नाही, कातडी तेवढी जळते. जागा बधिर करून आतली ती एक शीर कापली की बैल बहुधा त्याच जागी सरळ पाय टाकायला लागतो. इतकं झटपट समाधान देणाऱ्या शस्त्रक्रिया आमच्याकडे फार नाहीत.

लाथेतही हाडांचाच हिशेब आहे. घोड्याच्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत एका जास्तीच्या शिरेने बांधलेला असतो. ती पोटाच्या स्नायूंकडून येते आणि पाय बाजूला फाकू देत नाही. गाईला ही शीर नाही. म्हणून घोडा लाथ मारतो ती बहुतेक सरळ मागे, आणि गाय मारते ती पुढे घेऊन, बाजूला, मागे, अशी गोल. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. गाईच्या बाबतीत कुशीपासून हातभर लांब उभं राहणारा माणूस सगळ्यात जास्त मार खातो. एकतर पूर्ण लांब राहा, नाहीतर खांद्याजवळून आत जाऊन अंगाला अंग लावून उभे राहा. पाय उचलला तरी त्यात वेग यायला जागा राहत नाही, आणि तिने वजन दुसऱ्या पायावर टाकलं की तुम्हाला आधीच कळतं. हीच शीर नसल्यामुळे ओल्या कोब्यावर मागचे पाय फाकून गाईचा खुबा निखळतो. नवा कोबा गुळगुळीत घोटला असेल तर त्यावर खाचा पाडून घ्या.

आता खोंड.

त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत. मान न वळवता त्याला सुमारे ३३० अंशांतलं दिसतं, म्हणजे शेपटामागची एक अरुंद पट्टी आणि तोंडापुढचा अगदी जवळचा भाग सोडला तर सगळंच. आपल्याला त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त दिसतं. पण दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसतो तो समोरचा भाग त्याला थोडाच मिळतो, आणि अंतर, खोली, चढ-खड्डा यांचा नेमका अंदाज येतो तो त्याच भागात. आपले डोळे समोर असल्यामुळे मागचं काही दिसत नाही, पण सुईत दोरा ओवता येतो. खोंडाने सौदा उलटा केलाय. चहूकडची हालचाल टिपायची, खोलीचा अंदाज सोडायचा.

त्यामुळे डांबरी रस्त्यावरची काळी सावली आणि काळा खड्डा यांत त्याला चालता चालता फरक करता येत नाही. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचंही तेच. गुरं रस्त्याबाहेर जाऊ नयेत म्हणून काही देशांत जमिनीत लोखंडी दांड्यांची जाळी बसवतात. पुढे लोकांच्या लक्षात आलं की डांबरावर नुसते पट्टे रंगवले तरी पुष्कळ गुरं थांबतात. तुमच्या मोरीवर बांधकाम खात्याने नकळत तेच करून ठेवलंय.

मग त्याला खात्री कशी करून घेता येते? थांबून, डोकं खाली घालून. डोकं खाली घातलं की ती वस्तू दोन्ही डोळ्यांच्या सामाईक भागात येते, शिवाय वासही घेता येतो. त्याची बाहुली आडवी, फटीसारखी असते. त्यामुळे क्षितिजाकडचं, जमिनीलगतचं सगळं एका रेषेत स्पष्ट येतं. डोकं खाली गेल्यावर ही फट उभी व्हायला हवी, पण होत नाही. शेळ्या, मेंढ्या आणि घोडे चरतानाचे डोळे बारकाईने पाहून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की डोकं खाली जाताना डोळा खोबणीतच पन्नासेक अंश फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतर राहते. चरणाऱ्या शेळीच्या तोंडाशी बसून हे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं, फार मजेशीर दिसतं.

आता तुम्ही काय करता? खोंड थबकला की कासरा ओढता. वेसण नाकाच्या मधल्या पडद्याच्या सगळ्यात नाजूक भागातून गेलेली असते, ओढ बसली की डोकं वर जातं. म्हणजे ज्या क्षणी त्याला खाली बघायचं असतं, त्याच क्षणी आपण त्याला आकाशाकडे बघायला लावतो, आणि वर पाठीत रट्टा. त्याच्या हिशेबात सावली आणि रट्टा एकत्र जोडले जातात. पुढच्या खेपेला तो सावलीच्या आधीच बुजतो.

कासरा सैल सोडा. डोकं खाली घालू द्या, हुंगू द्या, अर्धा मिनिट जाऊ द्या. जुना, सरावलेला बैल पुढे चालवा, हा मागून येईल. पहिले काही दिवस डोक्यावर ऊन असताना, म्हणजे सावल्या आखूड असताना न्या. आणि उजेडातून एकदम अंधाऱ्या शेडमध्ये शिरायला तो थांबला तर घाई करू नका. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला चकाकणारा पडदा असतो (रात्री बॅटरी मारल्यावर डोळे चमकतात तो), त्याने मिणमिणत्या उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण कडक उन्हातून अंधाराला सरावायला त्याला आपल्याहून जास्त वेळ लागतो.

लाल कापडाने गुरं बुजतात का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंत. गुरांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, निळ्याच्या आणि पिवळट हिरव्याच्या बाजूच्या. लाल त्यांना उठून दिसत नाही. बुजतात ते फडफडण्याला. हिरवा टॉवेल झटकलात तरी तेच होईल.

कानांचं थोडं सांगायला हवं, कारण रस्त्यावर बुजण्यात त्यांचाही वाटा असतो. गुरांना साधारण ३५ हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आपली मजल २० हजारांची. म्हणजे ब्रेकच्या किरकिरीतला, चाकाच्या बेअरिंगच्या शीळेतला जो बारीक भाग आपल्याला ऐकूही येत नाही, तो त्यांना टोचतो. पण आवाज कुठून आला हे ठरवण्यात गुरं फार कच्ची. माणूस एका अंशाच्या आसपास नेमकं सांगतो, गुरांची चूक तीसेक अंशांची असते. यामागे डोळ्यांचाच संबंध मानतात. माणसाला बारीक, स्पष्ट दिसतं ते एका ठिपक्याएवढ्या भागात. तो ठिपका नेमका आवाजाच्या दिशेने वळवायला कान अचूक हवेत. गुरांना रुंद पट्टीभर सारखंच दिसतं, त्यांना साधारण दिशा कळली तरी भागतं. रानात भागतं, रस्त्यावर भागत नाही. मागून फटफटीने हॉर्न दिला की खोंडाला ती नेमकी कुठे आहे ते कळत नाही, मागची पट्टी दिसत नाही, म्हणून तो अंग आडवं टाकून बघायला वळतो, आणि ते नेमकं वाहनाच्या वाटेत. सुरुवातीला त्याला रस्त्याच्या कडेला, आणि माणूस त्याच्या खांद्याच्या थोडं मागे पण नजरेत राहील असा चालवा. खांद्याच्या मागून पुढे सरकलात की तो थांबतो, खांद्याच्या मागे राहिलात की चालतो. हे जनावर हाकणाऱ्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक असतं, तुमच्या वडिलांनाही असणारच.

गाईसाठी आता इतकं करा. आडवा पाइप काढा किंवा पुढे सरकवा. गव्हाणीची तिच्याकडची भिंत उंचीने कमी करा, वीतभर-दीड वीत उंच राहिली तरी पुरे, म्हणजे बसल्या जागेवरून मान त्यावरून पुढे जाईल. दावं लांब करा आणि शेजारणीला मारते त्यासाठी मध्ये आडोसा घाला, मान बांधू नका. बसायच्या जागी मातीचा नाहीतर भुश्शाचा जाड थर द्या. आवारात चुंबक बांधलेली काठी फिरवून तारा-खिळे गोळा करा, कुट्टी यंत्राच्या घमेल्यातही एकदा बघा. पुढचे गुडघे, पाठीची दाब-परीक्षा आणि मागच्या बाहेरच्या खुरांची वाढ तपासा. संकरित गाईचं मागचं बाहेरचं खूर आधी बिघडतं, कारण मागे जास्त भार त्याच्यावर येतो.

सवय मोडायला थोडे दिवस लागतील, विशेषतः नाक आपटल्याची भीती बसली असेल तर. शक्य असेल तर या काळात दिवसा तिला मोकळ्या मुक्त गोठ्यात किंवा रानात सोडा. तिथे ती सरळ मागून उठायला लागली तर दोष गोठ्याचा होता हे तिथेच सिद्ध झालं. मोकळ्या जागेतही पुढूनच उठत राहिली, तर ती बसल्यापासून पूर्ण उभी राहीपर्यंतचा व्हिडिओ बाजूने काढा, चारही पाय आणि डोकं दिसेल असा, आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोठ्यात आलेल्या डॉक्टरांसमोर गाय नेहमी आधीच उभी असते.